वंचित, महरूम आणि महजूब

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीचा तास घेताना अर्थ सांगण्याचे काम दोनदा करावे लागते. एकदा मराठीतून मराठीत आणि मग उर्दूत. आठवीच्या वर्गात एका धड्यात 'शिक्षणापासून वंचित' असे शब्द आले. आम्ही फळ्यावर 'वंचित' लिहिले आणि त्यापुढे 'महरूम' लिहून पुढे निघालो. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, किसने महरूम किया?" आम्ही म्हणालो, गरिबीने, परिस्थितीने. ती बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते हे चेहऱ्यावरून दिसत होते. घरी आल्यावर लक्षात आले की आमचेही झाले नव्हते. 'कशापासून' हे मराठी आणि उर्दू दोन्ही भाषा सांगतात. 'कोणी' हे मात्र दोन्हींत सहज गाळता येते. प्रस्तुत लेख त्या गाळलेल्या शब्दाच्या शोधातून लिहिला आहे.

आधी 'वंचित' हा शब्द पाहू. आज आपण तो 'ज्याला मिळाले नाही तो' अशा अर्थाने वापरतो. मूळ संस्कृत धातू मात्र 'वञ्च्' असा आहे आणि वंचना म्हणजे फसवणूक. 'प्रवंचना' आणि 'आत्मवंचना' या शब्दांत तो अर्थ मराठीत अजून शिल्लक आहे. म्हणजे वंचित हा मुळात फसवला गेलेला माणूस आहे. फसवला गेलेला आहे तर फसवणारा वंचकही कोठेतरी असलाच पाहिजे. काळाच्या ओघात हा वंचक शब्दातून निघून गेला आणि नुसता अभाव उरला. शासकीय मराठीत तर त्याची आठवणही राहिली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा 'वंचित व दुर्बल घटकां'साठी असतात. मूल वंचित ठरते ते मुख्यतः जातीच्या दाखल्याने आणि दुर्बल ठरते ते उत्पन्नाच्या दाखल्याने. पालक आमच्याकडे फॉर्म घेऊन येतात आणि विचारतात, आम्ही यातले कोण? दाखला असेल तर वंचित, नसेल तर नाही, असे उत्तर द्यावे लागते. फसवणूक झाली की नाही हे विचारणारा रकाना कोणत्याच फॉर्मवर नसतो. २०१८ नंतर महाराष्ट्राच्या राजकारणात हा शब्द एका पक्षाच्या नावात आला आणि घरोघरी पोचला. तेथे त्याला पुन्हा थोडी धार आली, हे मान्य केले पाहिजे.

'महरूम' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. तो अरबीतून फारसीमार्गे उर्दूत आला. त्याची मूळ अक्षरे हे, रे, मीम. याच अक्षरांतून 'हराम' निघतो, मक्केतील 'हरम' निघतो आणि 'हुरमत' म्हणजे प्रतिष्ठाही निघते. मनाई, रोख, अलगपणा हा या सगळ्यांतला समान धागा आहे. म्हणून महरूम म्हणजे ज्याच्यासाठी दार बंद केले आहे तो. वंचितामध्ये फसवणूक आहे, तर महरूममध्ये मनाई आहे. मराठी लिहिताना आपण एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवतो खरा, पण दोन्ही अनुभव एक नाहीत. फसवलेल्याला कधीकधी आपण फसलो हेच ठाऊक नसते. ज्याला दारातून परतवले त्याला ते दार चांगले माहीत असते.

कुरआन शरीफात महरूम हा शब्द एका महत्त्वाच्या ठिकाणी येतो. सूरह जारियात आणि सूरह मआरिज या दोन्हींमध्ये नेक माणसांचे वर्णन करताना असा आशय आला आहे की त्यांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि महरूमचा हक्क असतो. तेथे दया किंवा उपकार हा शब्द नाही, हक्क हा शब्द आहे. मागणारा कोण हे सर्वांना कळते. पण महरूम म्हणजे नेमका कोण, यावर पूर्वीच्या भाष्यकारांनी बराच खल केला. कोणी म्हणाले, ज्याला बैतुलमालमधून वाटा मिळत नाही तो. कोणी म्हणाले, जो कष्ट करतो पण ज्याच्या धंद्याला बरकत नाही तो. कोणी म्हणाले, ज्याचे पीक बुडाले तो. आणि अनेकांनी सांगितले की जो गरजू असूनही हात पसरत नाही, म्हणून लोकांच्या लक्षातच येत नाही, तो. कूफ्याचे विद्वान इमाम शाबी यांनी तर या शब्दाचा अर्थ शोधता शोधता आपण थकलो अशी कबुली दिल्याचे तफसीरच्या ग्रंथांत नोंदले आहे. एवढा मोठा आलिम थकला, तेथे आमच्यासारख्या शाळामास्तराने फळ्यावर एक शब्द लिहून सुटका करून घ्यावी हे बरे नव्हते.

या चार अर्थांकडे पाहिले की आजच्या समाजशास्त्राचा एक धडाच समोर येतो. शासनाच्या तिजोरीत वाटा नसणे, कष्टाला मोल नसणे, आपत्तीने सर्वस्व जाणे आणि आपण कोणाच्या नजरेतच नसणे, हे अभावाचे चार वेगळे प्रकार आहेत. एकावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. भारतीय मुसलमान मागासलेला आहे हे विधान सरकारी पातळीवर गाजले ते डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांच्या १८७१ च्या पुस्तकामुळे. हंटर यांची निरीक्षणे प्रामुख्याने बंगालची होती. जमिनी गेलेला, नोकरी गेलेला, फारसीची सद्दी संपल्यामुळे हताश झालेला मुसलमान त्यांनी तेथे पाहिला. पण ते चित्र हिंदुस्थानभरच्या मुसलमानांचे म्हणून वापरले गेले. मुंबई इलाख्यात मात्र एकीकडे खोजे, मेमण, बोहरे आणि कोकणी नाखुदा हे व्यापारी होते, तर दुसरीकडे दख्खनेतले शेतकरी, विणकर, पिंजारी, शिपाई आणि फकीर होते. या दोन जगांत फारसे साम्य नव्हते. १८७४ साली मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी, कमरुद्दीन तय्यबजी, मुहम्मद अली रोगे आदींनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली, ती व्यापारी वर्गातल्या जाणत्या लोकांनी. १८८२ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्षही हंटरच होते. त्यांच्यासमोर महात्मा फुले यांनी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले आणि याच आयोगाने मुसलमानांचा विचार खास मदतीची गरज असलेल्या वर्गांत केला. म्हणजे एकाच आयोगाच्या कागदांत बहुजनांची आणि मुसलमानांची उपेक्षा शेजारी शेजारी नोंदली गेली. पुढे हे कागद वेगळ्या कपाटांत गेले, ही आपली शोकांतिका.

त्यांना एकत्र पाहणारा राज्यकर्ता कोल्हापूरचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानातील नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. मागास कोण, हे सांगताना त्यांनी लांबलचक यादी केली नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागास, अशी सरळ व्याख्या केली. त्यात मुसलमान आपोआप आले. १९०६ साली महाराजांनी कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे ठेवले. पुढे कोण आहे हे आधी ठरवावे, म्हणजे मागे कोण राहिले ते कळते, ही त्यांची रीत होती.

येथे तिसरा शब्द उपयोगी पडतो. इस्लामी वारसा कायद्यात 'महजूब' अशी संज्ञा आहे. मूळ अक्षरे हे, जीम, बे. हिजाब हा शब्दही त्यांचाच. महजूब म्हणजे पडद्याआड गेलेला. जवळचा वारस समोर असल्यामुळे ज्याचा हिस्सा झाकला जातो, तो वारस महजूब. फुकहांनी महरूम आणि महजूब यांत फरक केला. वारसाने मयताचा खून केला तर तो महरूम, कारण दोष त्याचा स्वतःचा. महजूबचा मात्र काहीच दोष नसतो, फक्त कोणी दुसरा त्याच्या पुढे उभा असतो. बाप आजोबांच्या आधी वारला तर नातवंडे काकांमुळे महजूब होतात. हे कठीण आहे असे वाटल्यावरून इजिप्तने १९४६ साली आणि पाकिस्तानने १९६१ साली कायद्याने त्यांची काही सोय केली.

आमच्या मते महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमानांचा इतिहास महरूमपेक्षा महजूब या शब्दाने अधिक चांगला कळतो. 'मुसलमान' या एका शब्दाच्या पडद्याआड बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मन्यार, अत्तार, छप्परबंद असे कितीतरी लोक झाकले गेले. छप्परबंदांचेच उदाहरण घ्या. नावाप्रमाणे छपरे शाकारणारी ही जमात. इंग्रजांनी तिच्यावर खोटी नाणी पाडण्याचा शिक्का मारला आणि गुन्हेगार जमातींच्या कायद्यात तिला बसवले. १८७१ चा हा कायदा १९११ साली नव्याने होऊन सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला. जन्माला येणारे मूल पाळण्यातच संशयित ठरत असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि छप्परबंद विमुक्त जातींच्या यादीत आले. पण मुसलमानांच्या दुःखाची चर्चा होते तेव्हा या लोकांचे नाव किती जण घेतात? त्यांच्यापुढे गेलेल्या नवाबीचे आणि सरंजामांचे दुःख उभे असते.

राज्यघटनेनंतरही दार अर्धेच उघडले. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आली. ती १९५६ साली शिखांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी सैल झाली. मेहतर किंवा तत्सम काम करणाऱ्या मुसलमानाला ती आजही आडवी येते. ही सरळ मनाई आहे, म्हणून येथे महरूम हाच शब्द योग्य. मंडल आयोगाने १९८० च्या अहवालात मुसलमानांतील व्यवसायी जातींना इतर मागास वर्गांत जागा दिली. पण कागदावरचे नाव आणि हातातला दाखला यांत मोठे अंतर होते. जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. चित्रपट अभिनेते दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर आले. १९९४ साली राज्य सरकारने निर्णय काढला आणि अनेक जमातींना दाखल्याची वाट मोकळी झाली. आम्हांला ही चळवळ महत्त्वाची वाटते ती एका कारणासाठी. तिने आपल्याच समाजातला पडदा बाजूला केला. इस्लामात जात नाही म्हणून आमच्यात वंचितही नाहीत, हे म्हणणे तिने ऐकून घेतले नाही.

२००५ साली नेमलेल्या न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या नोव्हेंबरात आला. त्याने अभाव मोजून दाखवला. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता ६५.१ टक्के होती, तर मुसलमानांची ५९.१ टक्के. प्रशासकीय सेवेत मुसलमान सुमारे तीन टक्के होते. मुसलमानांची मुले मदरशातच जातात, हा समजही अहवालाने खोडून काढला. शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांपैकी मदरशात जाणारी सुमारे चार टक्केच निघाली. महाराष्ट्राचा आकडा मात्र विचार करायला लावणारा होता. येथील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के, म्हणजे राज्याच्या ७६.९ टक्के या सरासरीहून जास्त होती. काही लोक हा आकडा दाखवून विचारतात, मग तुम्ही वंचित कसे? त्यांचे उत्तर आमच्या हजेरीपटावर आहे. पहिलीचा वर्ग भरलेला असतो. आठवीनंतर मुले गॅरेजमध्ये, बेकरीत, लूमवर जातात आणि मुली घरी बसतात. नाव लिहिता येणे आणि शिक्षण होणे या दोन गोष्टी आहेत. साक्षर हा शब्दही कधीकधी पडदा होतो.

राज्य सरकारने नेमलेल्या महमूद-उर-रहमान समितीने २०१३ साली अहवाल दिला आणि आरक्षणाची शिफारस केली. २०१४ च्या जुलैत मुसलमानांतील मागास घटकांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकरीतील आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातील आरक्षण मात्र थांबवले नाही. तरीही अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो संपला. न्यायालयाने जे थांबवले नव्हते तेही मिळाले नाही. येथे संस्कृतातला जुना अर्थ आठवतो. हे वंचित होणे खरोखर वंचना होती.

इथपर्यंतचे सर्व आम्ही सभासंमेलनांत अनेकदा बोललो आहोत. टाळ्याही मिळतात. पण त्या मुलीचा प्रश्न येथे संपत नाही. 'किसने' याचे उत्तर देताना आमचे बोट नेहमी बाहेर का जाते?

१८४७ सालची गोष्ट आहे. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खोजा आणि मेमण स्त्रियांचे दावे उभे राहिले. हीरबाई विरुद्ध सोनबाई, रहिमतबाई विरुद्ध हाजी जुसब अशी त्यांची नावे कायद्याच्या पुस्तकांत आहेत. मुलींचे म्हणणे साधे होते. आम्ही मुसलमान आहोत, कुरआनने मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा ठरवून दिला आहे, तो आम्हांला द्या. विरुद्ध बाजू म्हणाली, आमच्या जमातीत मुलींना हिस्सा देण्याची चाल नाही. कुरआन एकीकडे आणि रूढी दुसरीकडे असा तो सामना होता. कोर्टाने रूढीच्या बाजूने निकाल दिला. निकाल इंग्रजाचा होता, पण त्याला लागणारी साक्ष जमातीतल्याच लोकांची होती.

नव्वद वर्षांनी, १९३७ साली, शरीअत कायदा आला. रूढीमुळे बायकांचे हक्क बुडतात हे तो आणण्याचे एक मोठे कारण होते आणि उलेमांचा त्याला पाठिंबा होता. परंतु त्याच्या दुसऱ्याच कलमात शेतजमीन वगळली गेली. ज्या देशात बहुतेकांची मिळकत म्हणजे शेतजमीन, तेथे स्त्रियांच्या हक्काच्या कायद्यातून नेमकी तीच बाहेर ठेवली. शेतजमीन हा प्रांतांचा विषय होता हे खरे, जमीनदारांना ते सोयीचे होते हेही तितकेच खरे.

आमच्याकडे तर वारसनोंदीत मुलींची नावे लागतात. मग मुलींना जमीन मिळते का? नाही. त्यासाठी हक्कसोडपत्र नावाचा कागद आहे. बहिणीला रिक्षात घालून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात, अंगठा किंवा सही घेतात, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरून नाव कमी होते. हिंदू घरांत हे होते, तसेच मुसलमान घरांतही होते. या बाबतीत आमची एकात्मता पूर्ण आहे.

आमच्या दादांची दहा एकर जमीन होती. दादी आधीच गेल्या होत्या. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. शरीअतचा हिशेब सोपा आहे, मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. म्हणजे फूफीचे दोन एकर. फूफींनी सही केली तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्यांना एक साडी मिळाली आणि 'माहेर राहिले' हे समाधान मिळाले. त्यांनी काही मागितले नाही. घरात आजही कौतुकाने सांगतात, बिचारीने कधी तोंड उघडले नाही. भाष्यकारांचा चौथा अर्थ हाच होता, जो मागत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही तो. त्या जमिनीच्या तुरीवर आमचे डी.एड. नव्हे, बी.एड. झाले. फूफींची मुलगी सातवीनंतर विड्या वळायला बसली. आता फूफी हयात नाहीत. उर्दूत 'महरूम' आणि 'मरहूम' यांत दोन अक्षरांची अदलाबदल आहे. आमच्या घरात ती अदलाबदल होईपर्यंत कोणालाही हिशेब करावासा वाटला नाही.

सूरह कलममध्ये एका बागेचा किस्सा आहे. बागेच्या मालकांनी ठरवले की पहाटेच जाऊन फळे तोडायची, म्हणजे कोणी गरीब आत यायला नको. ते कुजबुजत निघाले. पोचले तर बाग रात्रीतच नष्ट झालेली. आधी त्यांना वाटले, आपण वाट चुकलो. मग त्यांच्या लक्षात आले आणि ते म्हणाले की आपणच महरूम झालो. हा किस्सा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण तेथे 'आम्ही महरूम' असे म्हणणारे लोक कोण होते याकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. दुसऱ्याला महरूम ठेवायला निघालेलेच ते लोक होते.

याचा अर्थ सच्चर समितीचे आकडे खोटे आहेत, असा कोणी काढू नये. ज्याने आमचे बुडवले त्याच्याकडे आम्ही मागणारच. आरक्षण मागू, शाळा मागू, घटनेने दिलेले सर्व मागू, कारण तो हक्क आहे, खैरात नाही. पण जो शब्द आम्ही मोर्चाच्या फलकावर लिहितो, तोच घरात वाचता आला पाहिजे. शाहू महाराजांची रीत घरालाही लावावी. पुढे कोण उभा आहे ते आधी पाहावे. अनेक घरांत पुढे भाऊ उभा आहे आणि त्याच्याआड बहीण महजूब झाली आहे, तीही शरीअतने नव्हे, आमच्या सोयीने.

गेल्या ईदला आम्ही घरात दोन एकरांचा विषय काढला. फूफींच्या मुलीच्या नावे ते करावेत असे सुचवले. थोरले बंधू म्हणाले, कागद झालेला आहे, आता काय? चाचा उठून नमाजला गेले. निर्णय अजून झालेला नाही. विषय मात्र आता दर ईदला निघेल.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उभे केले आणि फळ्यावर 'वंचित' शेजारी 'वंचक' लिहिला. उर्दूत काय लिहायचे, असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, महरूम करनेवाला. तिने वहीत लिहून घेतले. सध्या ती नववीत आहे. तिच्या अब्बांना आम्ही दोनदा भेटून आलो आहोत. दहावीपर्यंत तिचे नाव आमच्या हजेरीपटावर राहावे, एवढेच तूर्त आमचे म्हणणे आहे.